मला पण घ्या

चार वर्षांच्या मुलाला ‘तुझा मित्र कोण?’ असं विचारलं की तो बहुतेक वेळा आत्ता शेजारी बसलेल्या मुलाचं नाव सांगतो. ‘तोच का रे?’ असं पुढे विचारलं तर उत्तर येतं, ‘त्याच्याकडे लाल गाडी आहे’ किंवा ‘तो आमच्या बिल्डिंगमध्ये राहतो’. मोठ्यांना ही उत्तरं उथळ वाटतात. मग आपण मुलाला समोर बसवतो आणि चांगल्या मित्राची लक्षणं सांगायला लागतो. तो खरं बोलतो, मदत करतो, संकटात साथ देतो. मूल मान डोलावतं, आणि पाच मिनिटांत त्याच लाल गाडीवरून झोंबाझोंबी सुरू होते.

मुलाने ऐकलं नाही असं नाही. आपण जे सांगितलं ते त्याच्या वयाला अजून पेलणारं नव्हतं, इतकंच.

हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सेलमन यांनी वेगवेगळ्या वयांच्या मुलांना एक गोष्ट सांगून प्रश्न विचारले. दोन मुली लहानपणापासूनच्या मैत्रिणी. त्यांच्या वस्तीत एक नवी मुलगी राहायला येते आणि त्यांच्यातल्या एकीला एका कार्यक्रमाला चल म्हणते. कार्यक्रम बघण्यासारखा आहे, पण नेमक्या त्याच वेळी तिने जुन्या मैत्रिणीला भेटायचं कबूल केलेलं आहे. तिने काय करावं? मुलांच्या उत्तरांतून सेलमन यांनी मैत्रीच्या समजेच्या पायऱ्या मांडल्या. साधारण तीन ते सहा या वयात मित्र म्हणजे आत्ता माझ्याबरोबर खेळणारा. त्यानंतर काही वर्षं मित्र म्हणजे मला हवं ते करणारा. सात-आठ वर्षांच्या पुढे हळूहळू देवाणघेवाण कळायला लागते: तू माझ्यासाठी केलंस, मी तुझ्यासाठी करीन. रुसवेफुगवे पचवूनही टिकणारी आणि मनातलं सांगता येणारी मैत्री बहुतेकांना त्याहून मोठेपणीच उमगते. या पायऱ्यांची वयं एकमेकांत मिसळलेली असतात, त्यामुळे पहिलीतल्या एकाच बाकावर दोन वेगवेगळ्या पायऱ्यांवरची मुलं बसलेली दिसतात. ‘ती माझं ऐकत नाही, ती माझी मैत्रीण नाही’ असं पाच वर्षांची मुलगी म्हणते तेव्हा ती स्वार्थी नसते. ती आपल्या पायरीवरून बोलत असते.

म्हणून लहान वयात मैत्री शिकवायची असेल तर ती खेळ चालू असताना, त्या क्षणी आणि हाताने करता येईल अशा छोट्या कृतींतून शिकवावी लागते. या प्रकरणात मला एवढंच सांगायचं आहे.

आधी एक भीती दूर करू. अडीच वर्षांचं मूल इतर मुलांत मिसळत नाही म्हणून पुष्कळ आया काळजीत पडतात. मिल्ड्रेड पार्टन या संशोधिकेने अमेरिकेतल्या मिनेसोटा इथे बालवाडीतल्या मुलांचा खेळ टिपून १९३२ साली त्याचे प्रकार मांडले. एकट्याने खेळणं, दुसऱ्याचा खेळ नुसता बघणं, शेजारी बसून आपापलं खेळणं आणि मग एकत्र मिळून खेळणं. दोन-अडीच वर्षांची दोन मुलं वाळूत पाठीला पाठ लावून बसतात, दोघंही खड्डे खणतात आणि एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत. तरी एक उठून गेला की दुसऱ्याचा खेळही थांबतो. हे शेजारीपण मैत्रीच्या आधीचं आहे आणि त्याला वेळ द्यावा लागतो. ‘जा, त्याच्याशी खेळ जा’ असं म्हणून ढकलल्याने तो वेळ कमी होत नाही.

दुसऱ्याला काय हवंय हे ओळखण्याची कुवत मात्र याहूनही लवकर येते. फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अठरा महिन्यांच्या मुलांसमोर एक मोठा माणूस हातात ओझं घेऊन बंद कपाटावर आपटत राही. अनेक मुलं तुरुतुरु जाऊन कपाटाचं दार उघडून देत. बक्षीस नाही, शाबासकी नाही, कुणी सांगितलेलंही नाही. मदतीची ओढ मुलाच्या अंगात असते. खेळणं दुसऱ्याला देताना ती ओढ कमी पडते, कारण तेव्हा स्वतःचं काहीतरी सोडावं लागतं.

पण कमी पडते म्हणजे ती नसतेच असं नाही. तीन वर्षांची मुलं मैत्रीत किती खोल जाऊ शकतात, याची एक नोंद मला फार मोलाची वाटते. ती दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. सहा ज्यू मुलं, तीन मुलगे आणि तीन मुली, तान्ही असतानाच आईवडिलांपासून तुटून नाझींच्या तेरेझिन छावणीत आली होती. छावणीत त्यांना सांभाळणारी माणसं सतत बदलत राहिली. बदललं नाही ते फक्त एकमेकांचं असणं. सुटका झाल्यावर १९४५ साली त्यांना इंग्लंडमध्ये आणलं गेलं आणि त्या ऑक्टोबरपासून ससेक्समधल्या ‘बुलडॉग्ज बँक’ नावाच्या घरात सुमारे वर्षभर ठेवण्यात आलं. अ‍ॅना फ्रॉइड आणि सोफी डॅन यांनी त्यांच्याविषयी १९५१ साली सविस्तर लिहिलं.

सुरुवातीला ही मुलं मोठ्या माणसांना चावत, थुंकत, खेळणी फोडत. एकमेकांच्या बाबतीत मात्र वेगळंच चित्र होतं. फिरायला जाताना एक मागे पडला की बाकीचे पुढे जायला तयार नसत. जेवताना शेजारच्याच्या हातात घास गेला की नाही, याची काळजी स्वतःच्या ताटापेक्षा जास्त. एकदा केक संपला आणि एक मुलगा दुसऱ्यांदा मिळाला नाही म्हणून रडायला लागला, तेव्हा दोन मुलींनी आपल्या वाट्यातलं उरलेलं त्याला दिलं आणि तो खात असताना त्याला गोंजारत बसल्या. समुद्रावर गेले असताना एक मुलगी पाण्यात खडे टाकत होती. लाटांना घाबरणारा एक मुलगा लांब उभा होता. लाट येताना दिसली तशी तो भीती विसरून पाणी आलं, पाणी आलं असं ओरडत धावला आणि तिला मागे ओढून घेऊन गेला.

यातून मुलांना आईवडिलांची गरज नसते असा अर्थ कुणी काढू नये. त्या सहा जणांनी जे गमावलं होतं त्याची भरपाई कशानेच होण्यासारखी नव्हती, आणि त्यांच्या वागण्यात त्याच्या खुणा होत्या. पण एक गोष्ट नक्की कळते. तीन वर्षांच्या मुलाला मैत्रीची व्याख्या सांगता येत नाही, पण मैत्री करता येते. दिवसचे दिवस तीच मुलं, तीच जागा आणि एकमेकांची गरज, एवढं मिळालं तर तीन वर्षांचं मूलही मागे राहिलेल्यासाठी थांबतं.

आपल्या मुलांना ही सलगता कमी मिळते. सकाळी शाळा, दुपारी एक क्लास, संध्याकाळी दुसरा, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी मुलं. अशा वेळी सगळ्यात अवघड होऊन बसते ती एक साधी गोष्ट: चालू असलेल्या खेळात शिरणं.

बालवाडीचा एक कोपरा डोळ्यांसमोर आणा. तिघंचौघं भातुकली मांडून बसले आहेत. एक पोळ्या लाटतेय, एक बाहुलीला झोपवतेय, एक बाबा होऊन ऑफिसला निघालाय. पाचवी मुलगी येते आणि म्हणते, ‘मला पण घ्या.’ उत्तर येतं, ‘आमचे सगळे झालेत.’ ती रडत बाईंकडे जाते. बाई तिथूनच म्हणतात, ‘घ्या रे तिला!’ मुलं घेतात, म्हणजे कडेला उभं करतात. तिच्या वाट्याला ना पोळपाट येतं ना बाहुली. दोन मिनिटांत ती परत बाईंकडे.

मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन यांनी १९८१ मध्ये मुलांचं हे ‘शिरणं’ बारकाईने तपासलं. इतरांना हवीहवीशी वाटणारी मुलं आधी बघतात की इथे काय चाललंय, आणि मग त्यालाच धरून काहीतरी करतात. ज्यांना कुणी फारसं घेत नाही ती मुलं येताच स्वतःबद्दल बोलतात, प्रश्न विचारतात, चालू खेळात खोड काढतात, आणि त्यामुळे खेळ थांबतो. थांबलेला खेळ कुणालाच आवडत नाही.

आता तोच कोपरा पुन्हा. या वेळी बाई त्या मुलीच्या कानात म्हणतात, ‘जरा बघ बरं, त्यांच्या घरात कशाची कमी आहे?’ मुलगी बघते. पोळ्या आहेत, भाजी नाही. ती अंगणातून चार पानं गोळा करून आणते आणि दाराशी उभी राहून ओरडते, ‘मेथी घ्या, ताजी मेथी!’ घरातली आई लगेच भाव विचारते. घासाघीस सुरू होते. ‘मला पण घ्या’ असं म्हणण्याची वेळच येत नाही. बाईंनी इथे शिकवलं ते बघायला, आणि बघून काहीतरी द्यायला. हे मित्र होण्याचं पहिलं कौशल्य आहे, आणि ते चार वर्षांच्या मुलाला जमतं.

बाहेरच्याला शिरायला शिकवलं, पण आतल्यांचं काय? दार लावून बसण्याचा त्यांना हक्क आहे का? शिकागो विद्यापीठाच्या ‘लॅबोरेटरी स्कूल’मध्ये, म्हणजे जॉन ड्यूई यांनी १८९६ साली सुरू केलेल्या शाळेत, व्हिव्हियन पेली अनेक वर्षं बालवर्गाला शिकवत होत्या. रोज तीच मुलं बाहेर राहतात आणि रोज तीच मुलं ‘तू नको’ म्हणतात, हे त्यांना सहन होईना. त्यांनी एक नियम करायचं ठरवलं: ‘तू खेळायचं नाहीस’ असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. नियम लावण्याआधी त्यांनी तो वर्गात कित्येक दिवस चर्चेला घेतला आणि वरच्या इयत्तांतल्या मुलांनाही जाऊन विचारलं. मोठ्या मुलांपैकी अनेकांना तो न्याय्य वाटला, पण चालेल असं वाटेना. बालवर्गातल्या एका मुलीने तर निकराने विरोध केला. आपल्याला हवं त्याच्याशीच खेळता येणार नसेल तर खेळायचं कशाला, असा तिचा सवाल होता. तरी नियम लागू झाला आणि पेलींच्या अपेक्षेपेक्षा चांगला चालला. १९९२ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा मला पटतो. कुणाला घ्यायचं हा निर्णय दरवेळी दोन-तीन दादागिरी करणाऱ्या मुलांवर सोडला, तर वर्ग सगळ्यांचा राहत नाही. मैत्री कुणाशी करायची हे मुलाचं मुलाने ठरवावं, पण खेळाचं दार उघडं ठेवणं हा वर्गाचा नियम असायला हवा.

मराठी मुलांच्या अंगणात याच्याशी नातं सांगणारी एक सोय कितीतरी आधीपासून आहे, ती म्हणजे लिंबूटिंबू. लपंडाव असो की डबा ऐसपैस, ताईबरोबर आलेलं तीन वर्षांचं शेपूट लिंबूटिंबू म्हणून खेळात असतं. ते बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, ते दाराआडून खुदकन हसलं तरी कुणी ‘इस्टॉप’ करत नाही. ते सगळ्यांबरोबर धावतं, ओरडतं, आणि धावता धावता नियम शिकतं. एक दिवस ते स्वतःच म्हणतं, ‘मी नाही लिंबूटिंबू, माझ्यावर पण राज्य द्या.’ मोठ्या मुलांनाही यातून शिकायला मिळतं. दुबळ्याला सामावून घेतल्याने खेळ बिघडत नाही, हे त्यांना रोजच्या अनुभवातून कळतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी विकासवाडीची कल्पना राबवली तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, कारण धाकट्याला कडेवर घेतलेली मोठी बहीण शाळेत यायची तर धाकट्यालाही जागा हवी होती. आज आपण मुलांना वर्षाच्या फरकानेसुद्धा वेगळं बसवतो. निदान सोसायटीच्या आवारात तरी लिंबूटिंबू टिकून राहावा.

खेळात शिरल्यावरही एक बोचरी गोष्ट वाट बघत असते. ‘मला ती पेन्सिल दे, नाहीतर तुझ्याशी कट्टी.’ भांडण झालं म्हणून कट्टी घेणं आणि तासाभराने बट्टी करणं यात काहीच वावगं नाही. त्यातून मुलांना राग व्यक्त करण्याची आणि मागे घेण्याची रीत मिळते. कट्टी हत्यार म्हणून वापरली जाते तेव्हा मात्र लक्ष द्यायला हवं. निकी क्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की मैत्री तोडण्याची धमकी देऊन दुखावणं हे बालवाडीच्या वयातच दिसतं. मारण्याचा वळ दिसतो, याचा दिसत नाही, म्हणून मोठे हसून सोडून देतात. मुलाला इथे एक वाक्य हाताशी द्यावं: ‘पेन्सिल मी नंतर देईन. तुला कट्टी घ्यायची असेल तर घे.’ घरी दोन-तीनदा खेळातून म्हणवून घेतलं तर वर्गात ते तोंडून निघतं. आपलंच मूल अशी धमकी देत असेल तर तेही तितक्याच स्पष्टपणे थांबवायला हवं.

भांडणानंतर आपण मुलांना ‘सॉरी म्हण’ असं सांगतो. मूल जमिनीकडे बघत ‘सॉरी’ पुटपुटतं आणि प्रकरण मिटलं असं आपण समजतो. ज्याला लागलं त्याच्या दृष्टीने काहीच झालेलं नसतं. त्याऐवजी ढकलणाऱ्या मुलाला पडलेल्याजवळ नेऊन विचारावं, ‘त्याला आता काय हवं असेल?’ पाणी, गुडघ्याला फुंकर, विखुरलेले ठोकळे पुन्हा रचून देणं. मूल काहीतरी शोधतंच. ते केल्यावर ‘सॉरी’ आपोआप आलं तर उत्तम, नाही आलं तरी चालेल. आपण मोडलेलं आपल्याला दुरुस्त करता येतं, हे त्याला स्वतःच्या हातांनी कळलेलं असतं.

गोष्टींचा उपयोग होतो का? होतो, पण गोष्ट नीट निवडावी. अस्वल आणि दोन मित्रांची गोष्ट आपण सर्रास सांगतो. तिच्यातून मुलाला एवढंच कळतं की पळून गेलेला वाईट. घाबरलेल्या चार वर्षांच्या मुलाला ती गोष्ट थोडी अन्यायाचीच आहे. पंचतंत्राचं दुसरं तंत्र याहून कितीतरी श्रीमंत आहे. लघुपतनक कावळा, हिरण्यक उंदीर, मंथरक कासव आणि चित्रांग हरिण यांची ती कथा. कावळा मैत्री मागायला येतो तेव्हा उंदीर बिळातून बाहेरच येत नाही. तू मला खाणारा, मी तुझं खाणं, आपली मैत्री कशी होणार? त्याचा संशय रास्त आहे, आणि कावळा तो संशय धीराने, बोलत बोलत दूर करतो. विश्वास एकदम बसत नाही, हे मुलांना इथे दिसतं. त्याआधी कबुतरांचा राजा चित्रग्रीव जाळ्यात सापडलेला असताना उंदराला म्हणतो, आधी माझ्या सोबत्यांचे पाश तोड, मग माझे. आणि शेवटी हरणाला सोडवायला सगळे निघतात तेव्हा संथ चालीचं कासवही मागून येतं आणि स्वतःच शिकाऱ्याच्या हाती सापडतं. मग हरिण पाण्याकाठी मेल्याचं सोंग घेतं, कावळा त्याचे डोळे टोचल्यासारखं करतो, शिकारी कासव टाकून तिकडे धावतो आणि उंदीर बंध कुरतडतो. ज्याला जे येतं ते त्याने केलं.

ही गोष्ट सांगून झाल्यावर तात्पर्य सांगू नका. मुलांना विचारा, ‘कासवाने यायला हवं होतं का?’ कुणी म्हणेल, हो, मित्र अडकला होता ना. कुणी म्हणेल, नाही, त्याला पळता येत नाही, त्याच्यामुळे सगळेच अडकले असते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. त्यावर मुलं वाद घालत असतील तर त्यांचं शिक्षण चालू आहे.

एवढं करूनही काही मुलं एकटी पडतात. त्यांच्याबाबत ‘स्वभावच तसा’ म्हणून सोडून द्यायचं कारण नाही. शेरी ओडेन आणि स्टीव्हन अ‍ॅशर यांनी १९७७ मध्ये ज्यांना वर्गात कुणी फारसं घेत नाही अशा तिसरी-चौथीतल्या मुलांबरोबर थोड्या आठवड्यांचं काम केलं. खेळाआधी गप्पा, मग एका सोबत्याबरोबर प्रत्यक्ष खेळ, मग पुन्हा गप्पा. खेळात भाग घेणं, पाळीपाळीने खेळणं, बोलणं आणि ऐकणं, सोबत्याला दाद देणं, या चारच गोष्टींवर भर होता. वर्गमित्रांना या मुलांशी खेळायला पूर्वीपेक्षा आवडू लागलं, आणि वर्षभरानंतरच्या पाहणीतही ती सुधारणा टिकून होती. प्रत्येक मुलाला दहा मित्र हवेत असंही नाही. एकाच मैत्रिणीत रमणारी मुलगी सुखात असेल तर तिला गर्दीत ढकलू नये.

मला खरी काळजी वाटते ती मोठ्यांची. ‘तिच्या घरी नको जाऊस’, ‘त्या वस्तीतल्या मुलांबरोबर कशाला खेळतोस’, ‘ते लोक वेगळे’, ही वाक्यं मुलं घरात ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणून दाखवतात. चार वर्षांच्या मुलाला जात कळत नाही, घरभाडं कळत नाही. त्याला लाल गाडी कळते. आपण सांगितलं नाही तर ते कुणाहीबरोबर खेळतं. वाढदिवसाला वर्गातल्या कुणाकुणाला बोलवायचं याची यादी आपण करतो, आणि त्या यादीतून मूल जे शिकतं ते दहा गोष्टींनी पुसलं जात नाही.

म्हणून एक विनंती आहे. आज रात्री आपल्या मुलाला विचारा, ‘तुमच्या वर्गात कुणाला कुणी खेळायला घेत नाही का?’ ते नाव त्याला माहीत असतं. त्या मुलाला किंवा मुलीला येत्या रविवारी घरी खेळायला बोलवा. दोघंच असू द्या. तासभर पुरे. मुलाचं सगळ्यात लाडकं खेळणं आधीच कपाटात ठेवून द्या, आणि दोघांना मिळून करता येईल असं काहीतरी समोर ठेवा: ठोकळे, कणीक, वाळू, पाणी. हाका मारल्याशिवाय मध्ये जाऊ नका. आणि निघताना त्या मुलाच्या आईला सांगा, पुढच्या रविवारीही पाठवा.